बिनरुळांचे गार्ड

आमच्या खासबागेतले शिवाप्पा हे असे रेल्वे गार्ड आहेत, ज्यांना रेल्वेने कधी नोकरीच दिली नाही. ही किरकोळ अडचण त्यांनी मनावर घेतलेली नाही. रेल्वेने गाडी दिली नाही, म्हणून त्यांनी आमच्या सायकलींची गाडी केली.

दर रविवारी आम्ही दहा-बारा जण सायकली काढून खानापूरकडे जातो. तिकडे मलप्रभेच्या काठाने जुन्या मीटरगेज रेल्वेचा बांध आहे. रूळ कधीच उचलून नेले. बांध कुणाला उचलता आला नाही, म्हणून राहिला. एका अंगाला नदी, दुसऱ्या अंगाला भातशेती, चढ नाही, ट्रक नाहीत. शहाणी माणसे अशा ठिकाणी निवांत सायकल चालवतील. आम्हाला ती मुभा नाही. आमची सगळ्यांत पुढची सायकल म्हणजे इंजिन, मधले आम्ही डबे, आणि सगळ्यांत मागे गळ्यात शिट्टी अडकवलेले, दोन काखांत दोन झेंडे धरलेले आप्पा. डब्याने डब्याला ओलांडायचे नाही. डब्याने मध्येच उतरून फोटो काढायचा नाही.

"डबा कवा फोटो काढतोय काय रं?" आप्पा मागून विचारतात. डबा फोन खिशात ठेवतो.

झेंड्यांची तर वेगळीच गंमत. गार्ड मागे, म्हणून झेंडेही मागे. आणि आम्ही सगळे पुढे बघणारे. ते झेंडे दिसणार कुणाला? पण आप्पा इमानेइतबारे दाखवतात. निघताना हिरवा, थांबताना तांबडा. आम्ही शिट्टी ऐकतो आणि झेंडा बघितल्यासारखे करतो.

"रेल्वेत का नाही गेलात?" असे कुणी विचारले, की आप्पांचे उत्तर ठरलेले. "गेलतो की भरतीला. उंची कमी पडली."

आप्पा सहा फूट आहेत. आमच्या दारातून आत येताना वाकतात. त्या काळी रेल्वे बहुतेक ताडाची झाडे भरती करत असावी.

घराणे विणकराचे, पण आप्पा मागावर कधी बसले नाहीत. जन्मभर साड्यांचे गठ्ठे सायकलवरून दुकानांत पोचवले. मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. शेवटच्या परीक्षेला बस बंद होत्या, तेव्हा याच आप्पांच्या कॅरिअरवर, गठ्ठ्याच्या जागी बसून मी कॉलेजात पोचलो. त्यामुळे ते मला डबा म्हणतात तेव्हा मी निमूट ऐकून घेतो. गठ्ठ्याचा डबा झालो, ही प्रगतीच आहे.

त्यांच्या बायकोने, शांताक्काने, त्यांना फार लाडावून ठेवले असे गल्लीचे मत होते. रविवारी आक्का दारात उभ्या राहायच्या आणि तीर्थ द्यावे तसा एकेक झेंडा आप्पांच्या हातात ठेवायच्या. उजव्या हातात एक, डाव्या हातात एक. "बायकूनं दिल्याबिगर झेंडा बी उचलत न्हाय गडी," असे आम्ही हसायचो. गेल्या संक्रांतीच्या आधी आक्का गेल्या. दोन रविवार गाडी बंद राहिली. तिसऱ्या रविवारी आप्पा खुंटीवरचे झेंडे स्वतःच काढून घेऊन आले. आम्ही म्हटले, चला, माणूस सावरला.

मग आमच्या गाडीला फडके साहेब जोडले गेले. बँकेत बदलून आलेले, पुण्याचे. सायकलला एकवीस गिअर, हँडलला आरसा, कानात गाणी. सायकल एवढी महाग, की तिच्यावर बसण्याआधी तिला नमस्कार करावासा वाटे.

पहिल्याच दिवशी बांधावर समोरून म्हशी आल्या. आप्पांनी मागून म्हशीवाल्याला हाक दिली, "दारी बिडी, अण्णा! बिडी, बिडी!"

फडक्यांनी ब्रेक दाबला. एक कान मोकळा करून ते वळले. "आजोबा, या वयात बिडी? आणि तीही सायकलवर? फुप्फुसांचा काही विचार?"

म्हशी निघून गेल्या तरी फुप्फुसे चालूच होती. जन्मात सुपारीचे खांड न खाल्लेल्या आप्पांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाले, "साहेब, 'दारी बिडी' म्हंजे वाट सोडा. निप्पाणीत बिडी ओढत्यात. कानडीत सोडत्यात."

पुढच्या रविवारी घोटाळा झाला. बांध जिथे तुटतो तिथे ओढा आहे. पुलाचे नुसते खांब उरलेत. तिथे आप्पांची लांब शिट्टी होते आणि गाडी उभी राहते. तशी ती राहिली. फडके मात्र आम्हाला ओलांडून सुसाट पुढे गेले आणि उतारावरून सायकलसकट चिखलात बसले. कानात त्या दिवशी गाणी मोठ्याने लावलेली, त्यामुळे शिट्टी ऐकू आली नव्हती. त्यांनी आरशात बघितले होते. आमच्या गाडीच्या इतिहासात झेंडा बघणारा तो पहिला माणूस.

चिखलातूनच ते ओरडले, "हिरवा दाखवलात की हो! लाल-हिरवं कळत नाही का तुम्हाला?"

आम्ही पोट धरून हसलो. आप्पा हसले नाहीत. हातातल्या झेंड्याकडे ते बघत राहिले, दुसऱ्याची वस्तू चुकून आपल्याकडे यावी तसे. मग दोन्ही झेंडे गुंडाळले. परतीच्या वाटेवर शिट्टी वाजली नाही.

त्यानंतरच्या रविवारी आप्पा आले नाहीत. गार्डाशिवाय आम्ही बांधावर गेलो. ज्याला वाटले तो पुढे गेला, ज्याला वाटले त्याने फोटो काढले. अशी मनासारखी फेरी कधी झाली नव्हती, आणि इतकी कंटाळवाणीही.

संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो. आप्पा खुंटीखाली बसले होते.

"हितनं पुढं तुमचं तुमी चालवा," ते म्हणाले.

"एका चुकीनं काय होतंय, आप्पा?"

"चूक न्हाय रं ती." त्यांनी वर खुंटीकडे बघितले. "भरतीत डाक्टरानं ठिपक्याठिपक्याचं पुस्तक म्होरं धरलं. म्हटला, आकडा वाच. मला आकडाच दिसंना. तांबडं आन् हिरवं मला एकच दिसतंय. म्हणून मागावर बी बाबानं बसू दिलं न्हाय. साडीवाल्याच्या पोराला रंग कळत न्हाय म्हणून कुणाला सांगू? उंचीवर ढकललं."

"आणि झेंडे?"

"तुमची आक्का द्यायची की. उजव्या हातात हिरवा, डाव्या हातात तांबडा. आता इचारू कुणाला? इचारलं की कळलंच सगळ्यास्नी."

खुंटीवर दोन झेंडे होते. एक हिरवागार, एक लालभडक. माझ्यासारख्या अडाण्यालाही कळतील इतके वेगळे.

पुढच्या रविवारी मी भल्या सकाळी सायकल घेऊन त्यांच्या दारात उभा राहिलो. मी कुणाला काही सांगितले नव्हते, पण फडके साहेब आधीच येऊन थांबले होते. दोन्ही कान मोकळे.

आप्पा दारात आले, तसे ते म्हणाले, "आजोबा, चूक माझीच. गाणी ऐकत होतो. सॉरी."

आप्पांनी त्यांना एकदा वरून खालपर्यंत बघितले. "बिडी, साहेब."

यावेळी फुप्फुसांचा विषय निघाला नाही. "सोडा म्हणताय ना?" फडक्यांनी हळूच विचारले, आणि आप्पांनी मान हलवली.

मी आत जाऊन खुंटीवरचे झेंडे काढले. उंबऱ्यावर आप्पा पाठमोरे उभे होते. मागे न बघताच त्यांनी दोन्ही हात जरासे पुढे केले. मी वळसा घालून समोर गेलो आणि म्हणालो, "हा उजव्या..."

"बोलू नको. नुस्तं दे," ते म्हणाले. "ती बी बोलायची न्हाय."

मी उजव्या हातात एक ठेवला, डाव्या हातात एक. त्यांनी मुठी मिटल्या.

बांधावर पोचलो, तेव्हा निघण्याची शिट्टी झाली आणि आम्ही सगळ्यांनी पहिल्यांदाच मान वळवून मागे बघितले. साहजिकच तीन डबे एकमेकांवर आदळले.

"म्होरं बघा की रं!" आप्पा ओरडले. "मागं बघायला मी हाय न्हवं!"

हातात हिरवा झेंडा होता. जरा जास्तच उंच धरलेला.