गुण तुमचा, बाकीचं माझं

“मागच्या उन्हाळ्यात त्या मास्तरच्या औषधानं माझे केस गळले, आता ह्या बाईच्या इंजेक्शनचं बहिरेपणही मीच घ्यायचं काय?” शेषराव लांजेवार टेबलावर हात आपटून म्हणाले, आणि वैनगंगा विभागीय रुग्णालयीन औषधनिर्माता संघाच्या सभेत पुन्हा गलका झाला.

“पाळी म्हणजे पाळी,” बोरकर म्हणाले. “अन् भाऊ, तसंही घरी तुम्ही कोणाचं ऐकता जी?”

सगळे हसले. शेषराव हसले नाहीत.

ह्या विभागात औषधाचा गुण रोग्याला येतो आणि दुष्परिणाम औषध देणाऱ्याला होतो. हे पहिल्यापासून असंच आहे आणि त्यात विचारण्यासारखं काही नाही. खिडकीतून पुडी देताना फार्मासिस्ट म्हणतो, “गुण तुमचा, बाकीचं माझं.” म्हटल्याशिवाय पुडी बोटांतून सुटत नाही, कितीही हिसडा. म्हटलं की सुटते. रोग्याला गुण यायला वेळ लागतो. बाकीचं मात्र देणाऱ्याला तिथल्या तिथे, एकदम येतं.

किरकोळ असेल ते खिडकीवरचा माणूस घेतो. दुपारी तो पेंगायला लागला की लोक समजतात, आज सर्दीखोकल्याची गर्दी दिसते, आणि हळू बोलतात. मोठं काही असेल तर संघ बसतो आणि पाळी लावतो. संघाचं त्रैमासिक निघतं, त्याचे संपादक शेषरावच. त्यातलं ‘सभासदांच्या घडामोडी’ हे पान सगळे आधी वाचतात. श्री. झोडे यांच्या अंगावर गांध्या उठल्या, प्रकृती उत्तम. सौ. पल्लवी कापगते यांची जिभेची चव परत आली, अभिनंदन. चक्कर बसून कशी घ्यावी, या विषयावर प्रशिक्षण, येताना उशी आणावी.

मध्ये बोरकरांनी एक शोध लावला होता. झोप आणणारं औषध आणि झोप उडवणारं औषध एकाच माणसानं एका दमात वाटलं, तर दोन्ही एकमेकांना खातात आणि देणारा ठणठणीत राहतो. बद्धकोष्ठ आणि जुलाबाचंही तसंच. बोरकरांना ह्यासाठी शाल द्यावी, असं चाललं होतं. तेव्हा अनुसया टेंभुर्णे उभी राहिली होती. संघातली सगळ्यांत जुनी बाई, आवाज असा की बाहेरच्या व्हरांड्यातले रोगी उठून बसायचे. “दुखणं काय वरण आहे, पाणी घालून पातळ करायला?” एवढं विचारून ती खाली बसली. शाल अजून कपाटातच आहे.

आजचं प्रकरण शालीचं नव्हतं. मोहाडीकडची देवकाबाई नऊ नंबरच्या खाटेवर होती. क्षय, आणि तोही साध्या गोळ्यांना न जुमानणारा. डॉक्टरांनी शेवटी ते जुनं इंजेक्शन लिहिलं. ते जीव ठेवतं आणि कान नेतं. केस परत येतात, चव परत येते, पण ह्या इंजेक्शनानं गेलेला कान परत आल्याचं त्रैमासिकात कधी छापावं लागलेलं नाही. देवकाबाई मागावर कोशाच्या रेशमाची साडी विणते. नजर अधू झालेली. धागा तुटला की तिला तो दिसत नाही, ऐकू येतो.

पाळी शेषरावांची होती आणि ते त्यांना मागच्याच सभेत कळलं होतं. त्या दिवसापासून त्यांना एक नवीच खोड लागली होती. त्यांची बायको रेखा रोज संध्याकाळी तांदूळ निवडत दिवसभराचं सगळं सांगायची: कोणाच्या सुनेनं काय केलं, दूधवाला काय म्हणाला, मांजर कुठं व्याली. लग्न झाल्यापासून सांगत होती आणि शेषराव लग्न झाल्यापासून पेपर वाचत होते. आता ते ऐकायला लागले. दूधवाल्याची हकीकत इतकी रंगतदार आहे, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं; म्हणजे सांगितलं होतं, रोज. आता ती हकीकत अर्ध्यावर होती. हे भर सभेत कसं बोलायचं? म्हणून ते केसांचं बोलत होते.

“शांत व्हा बाप्पा,” अध्यक्ष हटवार सर म्हणाले. ते नुकतेच राज्याच्या अधिवेशनाला जाऊन आले होते आणि अजून गळ्यात तिथला बिल्ला घालत होते. “मी एक व्यावसायिक प्रगतीची गोष्ट सांगतो. बाकीच्या सगळ्या विभागांत साइड इफेक्ट पेशंटच घेतो.”



“पेशंटच?” पल्लवीनं विचारलं. “मग फार्मासिस्ट काय घेतो?”

“पगार,” सर म्हणाले.

“अन् त्यांना झोप येते?”

“गोळी न वाटता येते म्हणतात.”

सर गंभीरपणे पुढे म्हणाले, की आपणही ही जुनी रीत मोडावी, खिडकीतलं ते वाक्य अर्ध्यावर बदलावं. ‘गुण तुमचा’ म्हणायचं आणि ‘बाकीचंही तुमचंच’ म्हणायचं. रीत एकमतानं लागली, एकमतानंच सुटेल. एक जरी हात खाली राहिला तरी पुडी बोटांत अडकेल. ठराव झाला की देवकाबाईचं इंजेक्शन आजच सुरू करता येईल. उगीच कशाला उशीर?

“म्हणजे बाईचे कान जातील,” पल्लवी म्हणाली.

“जीव तर राहील ना. शिवाय ते नियमानं तिचेच आहेत, कान.”

“तिचा माग आवाजावर चालतो, सर.”

“मग लांजेवार भाऊ घेतात का? घेत असतील तर ठरावाची गरजच नाही.”

सगळे शेषरावांकडे पाहायला लागले. शेषरावांनी मान वळवली आणि त्यांची नजर अनुसयेवर पडली. ती खिडकी बंद करून, किल्ल्या कमरेला खोचून, सगळ्यांत शेवटी येऊन बसली होती. आल्यापासून एक शब्द बोलली नव्हती. जो बोलेल त्याच्या तोंडाकडे ती टक लावून पाहत होती, आणि आता शेषरावांच्या तोंडाकडे पाहत होती. ह्या बाईचं ओरडणं परवडलं, असं शेषरावांना वाटलं. तिनं फक्त एकदा म्हणावं, “लांजेवार, लाज नाही वाटत?” म्हणजे मुकाट्यानं उठून खिडकीपाशी जाता येईल. पण ती बोलली नाही. बशीतल्या चहावर फुंकर घालत राहिली.

“घेता का?” सरांनी पुन्हा विचारलं.

“नाही,” शेषराव म्हणाले. आवाज इतका बारीक निघाला की त्यांनाच तो दुसऱ्या कोणाचा वाटला.

“मग ठरावाच्या बाजूनं हात वर करा.”

बोरकरांचा हात आधीच वर होता. झोड्यांनी केला. पल्लवीनं खाली पाहत केला; शेषरावांनंतरची पाळी तिचीच होती. शेषरावांनी कोपर टेबलावर ठेवून नुसता पंजा उचलला. तो मोजण्याइतका वर आला, तेव्हा त्यांना दूधवाल्याची हकीकत आठवली आणि ती आता आपल्याच्यानं ऐकवणार नाही, असंही वाटलं.

अनुसयेचा हात बशीला होता.

“टेंभुर्णे मॅडम?” सर म्हणाले.

तिनं घोट घेतला.

“मॅडम, तुमच्यावाचून एकमत होत नाही.”

तेवढ्यात तिच्या पाठीमागे चहाच्या पेल्यांची अख्खी थाळी खाली पडली. फरशीवर स्टीलचा असा आवाज झाला की बोरकर खुर्चीतून उडाले आणि वर केलेले हात आपोआप खाली आले. अनुसयेची पापणी हलली नाही.

शेषराव तिच्याकडे पाहत राहिले. मग तिच्या कमरेच्या किल्ल्यांकडे.

सगळ्यांची तोंडं बंद झाली आहेत आणि सगळे आपल्याकडेच पाहताहेत, हे तिच्या लक्षात आलं. तिनं बशी खाली ठेवली, पदरानं ओठ टिपले, आणि व्हरांड्यातले रोगी उठून बसतील अशा आवाजात म्हणाली, “काय ठराव करायचा तो करा अन् मला कागदावर लिहून दाखवा, नऊ नंबरच्या बाईचं इंजेक्शन मी सकाळीच खिडकीतून दिलं, आता तुमच्यातल्या एकाचंही मला ऐकावं लागत नाही.”