गजकेची तळटीप

देवस्थळी सरांसमोर तुम्ही "आज उकडतंय" म्हणालात, की ते लगेच विचारणार, "आधार काय?"

बरं, घामाने भिजलेला शर्ट दाखवून भागत नसे. कुणी म्हटलंय, कुठल्या ग्रंथात, कितव्या पानावर, सगळं हवं. जयपूरच्या बनी पार्कात ते आमचे शेजारी आणि कॉलेजात आमचे इतिहासाचे प्राध्यापक. कुंपणापाशी काका, वर्गात सर. घरी मी चुकून सर म्हटलं तर म्हणत, "संदर्भ चुकला."

एकदा दूधवाला भैया म्हणाला, "असली भैंस का है, साब." यांनी प्रमाण मागितलं. "भैंस से पूछ लो," भैया वैतागला. सर असे खूश झाले! "शाबास! याला म्हणतात मूळ साधन!" आणि अहो, खरंच निघाले की म्हैस बघायला! उमाकाकूंनी फाटकातून हाक मारून नवऱ्याला परत आणलं.

सरांचं खरं घर म्हणजे लायब्ररी. दुपारी रंगीत काचांतून ऊन आत यायचं, वर कबुतरं घुमायची, आणि सर एका तळटिपेवरून दुसऱ्या ग्रंथात, तिथल्या टिपेवरून तिसऱ्यात, असे अलगद तरंगत जायचे. सकाळी हौदाची माहिती शोधायला गेलेला माणूस संध्याकाळी हत्तीच्या खुराकापाशी सापडायचा. शिपायाने घंटा वाजवली की हसऱ्या चेहऱ्याने उठायचे आणि सायकल हातात धरून घरापर्यंत चालत यायचे. सायकलवर बसायचं असतं हे त्यांच्या ध्यानातच नसे. काकू गेल्या आणि तेवढंही घरी येणं उशिराचं होऊ लागलं.

एम.ए.च्या प्रबंधाला मी विषय घेतला जयपुरात आलेल्या मराठी कुटुंबांचा. लायब्ररीतले कार्डांचे खण उपसले. राजे मिळाले, लढाया मिळाल्या, पण आपल्या लोकांच्या स्वयंपाकघरात कुणी डोकावलेलंच नव्हतं. मग घरोघर फिरून बायकांना विचारलं आणि ते लिहून काढलं. सरांनी पानापानावर लाल पेन्सिलीने "आधार?" लिहून सगळं परत केलं. छापील आधाराशिवाय सही नाही. सही नाही म्हणजे एम.ए. खलास. बाबांनी तर नागपूरचं एक स्थळ हेरूनच ठेवलं होतं. माझं डोकं असं फिरलं, की मी कागद घेऊन तडक त्यांच्या व्हरांड्यात गेले.

"काका, हा अन्याय आहे. मतलब, बायका काय पुस्तकं छापून बोलतात?"

"माणसाचं बोलणं वाऱ्यावर जातं, बाळ. हेच बघ." त्यांनी एका ओळीवर बोट ठेवून वाचलं. "'पहिल्या संक्रांतीला इथे चिक्कीचा गूळ मिळेना, म्हणून हळदीकुंकवाला बाजारची गजक, म्हणजे इथली तिळाची वडी, वाटली. गजक घ्या, गोड बोला, असं म्हणत सगळ्या जणी हसून हसून बेजार झाल्या.' कुठं छापलंय हे?"

"कुठंच नाही."

"मग सांगितलं कुणी?"

"काकूंनी. इथंच, या पायरीवर, वाटाणे सोलताना."

सर पायरीकडे बघत राहिले. समोरच्या गच्चीवरून कुणीतरी पतंग उतरवत होतं. मला वाटलं, गेले हे पुन्हा कुठल्या तरी ग्रंथात. पण मग त्यांनी माझा कागद ओढून घेतला आणि त्या ओळीखाली रेघ मारून, मोठ्याने म्हणत, सावकाश लिहिलं.

"उमा देवस्थळी. तोंडी माहिती. बनी पार्क, जयपूर. वाटाणे सोलताना." पेन्सिल थांबली. "पडताळणी आता शक्य नाही."

हेही त्यांनी लिहिलं. "बाकीच्या बायकांची नावं अशीच घाल," म्हणाले आणि पहिल्या पानावर सही केली.

मला खरं तर उड्या मारत घरी पळायचं होतं. पण कागद माझ्या हातात देताना त्यांनी तो सोडलाच नाही.

"आणखी काय सांगायची गं ती? मी... मी तेव्हा लायब्ररीत असायचो."

मी पायरीवर बसले आणि काकू त्यांच्याबद्दल काय काय बोलायच्या, तिथून सुरुवात केली.