उपाय दहावीला आहेत

सातवीच्या वर्गाला एकच खिडकी होती आणि मागच्या रंगकामात ती चौकटीसकट रंगवली गेल्यामुळे उघडत नव्हती. वर पत्रा होता. उन्हाळा तर अलीकडे पाहुण्यासारखा येऊन घरजावयासारखा राहू लागला होता. मुले वहीवर घाम गाळून पर्यावरण शिकत होती. म्हणून विज्ञानाच्या बाईंनी मुख्याध्यापकांना खिडकी उघडून देण्याची विनंती केली.

मुख्याध्यापक सहृदय होते. त्यांनी लगेच हातोडी मागवली. दुर्दैवाने त्याच सकाळी शिक्षण खात्याचे अधिकारी 'हवामानसंकट-सज्ज' असा नवा अभ्यासक्रम घेऊन शाळेत दाखल झाले होते.

"थांबा," अधिकारी म्हणाले. "कितवीचा वर्ग हा?"

"सातवी," बाई म्हणाल्या.

"मग खिडकी कशी उघडता? सातवीला फक्त समस्या आहेत. उपाय दहावीला."

साहेब विनोद करत आहेत असे वाटून बाई हसल्या. साहेब हसले नाहीत.

"अहो साहेब, पोरं उकडून निघताहेत. दहावीपर्यंत काय करायचं त्यांनी?"

"आठवीला कारणं, नववीला निबंध. क्रम चुकला की पाया कच्चा राहतो, बाई."

"आणि सातवीला?"

"चिंता. वीस गुण आहेत चिंतेला. तोंडी."

तोंडी परीक्षेत मागच्या बाकावरचा 'पैलवान' भोवळ येऊन पडला. चिंतेचा इतका मनःपूर्वक आविष्कार अधिकाऱ्यांनी पूर्वी पाहिला नव्हता. त्यांनी वीसपैकी वीस दिले. दुसऱ्या दिवसापासून वर्गात भोवळीची साथ आली. खऱ्या भोवळीतून खोटी निवडून काढण्यासाठी समिती नेमावी लागली. समिती त्याच वर्गात बसली आणि पहिल्याच बैठकीत अर्धी आडवी झाली. न्यायबुद्धीने तिलाही गुण द्यावे लागले.

या धामधुमीत टिल्लीने, म्हणजे वर्गातल्या सर्वांत बुटक्या मुलीने, कर्कटकाच्या टोकाने रंगाचे पापुद्रे सोलले, फटीत पट्टी खुपसली आणि खिडकी उघडली. वारा आत आला. वह्यांची पाने फडफडली.

"बाई, इथून झाड दिसतं!" पैलवान ओरडला. "आणि ते हलतं पण!"

बाईंनी पुस्तक मिटले. पत्रा का तापतो, झाडाखाली गार का लागते, झाड नसते तर काय झाले असते, हे सारे त्यांनी त्या खिडकीतूनच शिकवले. मुलांनी प्रश्नांची सरबत्ती केली. वास्तविक कारणे आठवीला होती.

टिल्लीवर अभ्यासक्रमाच्या पुढे गेल्याचा ठपका आला. खिडकीला खिळे ठोकायचे की नाही, हे ठरवण्यासाठी पालकसभा बोलावण्यात आली. बाईंची सारी भिस्त आता पालकांवर होती.

"अहो, पोरीने खिडकीच उघडलीय, तिजोरी नाही!" टिल्लीची आई म्हणाली.

"ते ठीक आहे, ताई," पैलवानाचे वडील उठले. "पण वारा सुरू झाला की भोवळ बंद. माझ्या मुलाच्या गुणांची जबाबदारी कोण घेणार?"

तेवढ्यात शिकवणीवर्गाचे चालक उभे राहिले. "काळजी नको. आम्ही 'खिडकी: पायाभरणी' आतापासूनच घेतो. वातानुकूलित वर्ग. चित्रातली बिजागरी मुलं अचूक दाखवतात."

"प्रत्यक्ष उघडायला शिकवता का?" बाईंनी विचारले.

"छे हो! उघडली तर गारवा जाईल ना सगळा!"

पालकांनी समाधानाने माना डोलावल्या. मुख्याध्यापकांनी अखेर मत मागितले. "वर्गाची खिडकी उघडी असावी, असं कुणाकुणाला वाटतं?"

सगळे हात वर गेले. बाईंना गहिवरून आले.

"या वर्षीपासून?"

टिल्लीच्या आईचा सोडून सगळे हात खाली आले.

मागच्या रांगेत, मघापासून गालातल्या गालात हसत, आपणही बसला होतात. आपण शिकलेले, विचारी. म्हणून बाईंनी मोठ्या आशेने आपल्याकडे पाहिले.

"तत्त्वतः बाईंचं बरोबरच आहे हो," आपण म्हणालात. "फक्त सहामाही होऊन जाऊ द्या."

खिळे आणायला कुणी जायचे, हा प्रश्न उरला. तोही आपणच सोडवलात. आपली गाडी बाहेर सुरूच होती. परतताना आत उकडायला नको म्हणून.