अर्धं बाकडं

आमचे शेजारी बापू गेली चार वर्षं मरायची तयारी करतायत आणि त्या दगदगीनं अर्धा मी मेलोय. त्यांनी आजवर सात मृत्युपत्रं केली. सातही वेळा साक्षीदार मी. वकीलबाईंच्या ऑफिसात मला आता नावानं कुणी ओळखत नाही. ‘बापूंचे साक्षीदार आले’ म्हणतात.

बापूंनी जन्मभर बसमध्ये तिकिटं तपासली. आता धर्मादाय संस्था तपासतात. बायको गेली, मूलबाळ नाही. राहतं घर एखाद्या चांगल्या संस्थेला द्यायचं, एवढीच इच्छा. पण चांगली कुठली? ते ठरवायला बापू न सांगता, बरोबर जेवणाच्या वेळी तिथं थडकतात. माझ्या स्कूटरवरून. रोज सकाळी त्यांच्या दारातल्या बाकड्यावर आम्ही चहा पितो, डावीकडं बापू, उजवीकडं मी. तिथंच पुढच्या छाप्याचा हुकूम सुटतो.

“आधी फोन करूया की,” मी एकदा म्हणालो.

“चेकर कधी सांगून येतोय व्हय, मास्तर? आन् मेल्यावर तक्रार कुणाकडं करायची?”

उचगावचा वृद्धाश्रम आमटीपायी गेला. “ह्यातली डाळ शोधायला पाणबुड्या लावा!” गोशाळेत गायीनं तोंड फिरवलं, ते जिव्हारी लागलं. वाचनालयानं हार घातला, तर बापू चपला हातात घेऊनच बाहेर. “हार कशाला घालताय? अजून हाय की मी!” दर वेळी संस्था नापास, मृत्युपत्र नवं आणि सही माझी.

शेवटी मुलींचं एक वसतिगृह सापडलं. तिथल्या बाईंनी आम्हाला मुकाट जेवू घातलं आणि वर सुनावलं, “पावणं, ताट ज्याचं त्यानं घासायचं.” मी स्कूटरची किल्ली चाचपली. बापूंनी ताट घासलं, उजेडात धरून बघितलं आणि म्हणाले, “पास!” त्याआधी, जेवताना मी दुसरी भाकरी आणायला उठलो होतो, तेवढ्यात कोडोलीची एक पोर आपलं ताट घेऊन त्यांच्याजवळ येऊन बसली होती. “आजोबा, एकटंच का जेवताय?” मी तिकडं फारसं लक्ष दिलं नाही. भाकरी गरम होती.

सातव्या मृत्युपत्राच्या दिवशी वकीलबाई कोर्टात अडकल्या होत्या. कागद टाइप होऊन टेबलावर तयार.

“बाई येतील तेव्हा येतील. सह्या उरकूया,” मी म्हणालो.

“वाचा तरी की, मास्तर.”

“सहा वेळा वाचलंय!” एकदाही वाचलं नव्हतं. बापूंनी नाखुशीनं सही केली. खाली मी आणि टायपिस्टनं साक्षीदार म्हणून सह्या ठोकल्या. तीस वर्षं पोरांना ‘आधी प्रश्न वाचा, मग पेन उचला’ म्हणून बडवणारा तो मीच.

बाई आल्या, कागद चाळला आणि शेवटच्या पानावर थांबल्या.

“हे कलम कधी वाढवलं?”

“काल. टायपिस्टला सांगून,” बापू पुटपुटले.

“अहो बापू, ज्याला काही द्यायचं, त्याला साक्षीदार करत नाहीत. मास्तरांनी सही केली, उद्या वाद निघाला तर त्यांचं बाकडं गेलं.”

“कसलं बाकडं?” मी.

बाईंनी कागद माझ्यासमोर सरकवला. सातव्या खेपेला मी पहिल्यांदा वाचलं:

‘घर वसतिगृहास द्यावे. मात्र दारातील बाकडे हलवू नये. त्याची उजवी बाजू शेजारच्या मास्तरांची राहील. डाव्या बाजूस रोज सकाळी वसतिगृहातील कोणीतरी येऊन बसावे. मास्तरांना एकट्याने चहा पिण्याची सवय नाही.’

बापू खिडकीबाहेर बघत होते.

“तुमच्या घाईपायी आता आठवं करायला लागतंय,” ते तसेच कुरकुरले. “नवा साक्षीदार बघा.”

“बघतो की, बापू,” मी म्हणालो. “सावकाश करूया.”