एवढा टीव्ही पुसून ठेवा

"मी पार्लरला जाऊन येते. तोवर एवढा टीव्ही पुसून ठेवा," असं रत्नप्रभाबाई दारातून म्हणाल्या आणि चंद्रप्रकाश परबांनी हातातला चहाचा कप तसाच खाली ठेवला.

परबांच्या घरात विजेवर चालणाऱ्या कुठल्याही वस्तूला हात लावायची चंद्रप्रकाशरावांना बंदी होती. बंदीला इतिहास होता. त्यांनी मिक्सर साफ केला, तो पुन्हा फिरला नाही. भिंतीवरचं घड्याळ पुसलं, ते होतं तिथंच थांबलं. इस्त्री तर त्यांनी नुसती उलटी करून पाहिली होती. लग्न झाल्यापासून त्यांच्या अखत्यारीत पंख्याचं बटण आणि दारावरची घंटी, एवढाच मुलूख उरला होता. आणि आज साक्षात टीव्ही! तोही अशा दिवशी!

दिवस खासच होता. दुपारी एक वाजता 'ताट वाढलं' या स्वयंपाकाच्या स्पर्धेत दहिसरच्या सौ. रत्नप्रभा परब झळकणार होत्या. चित्रीकरण कधीच झालं होतं, पण तिथं काय घडलं याबद्दल बाईंनी तोंडातून अवाक्षर काढलं नव्हतं. "सांगायचं नाही, सही घेतलीय," एवढंच. चंद्रप्रकाशरावांनी मात्र अख्ख्या मजल्याला आमंत्रण देऊन टाकलं होतं. समोरच्या शरच्चंद्र सामंतांनी "आमच्याकडे बघू या की, पंचावन्न इंची आहे," असं सुचवलं, तेव्हा ते छाती काढून म्हणाले होते, "आमच्या घरचं कौतुक आमच्याच टीव्हीवर!"

"कशाला एवढी माणसं गोळा करताय?" रत्नप्रभाबाई तेव्हा वैतागल्या होत्या.

"अगं, लाजतेस काय!" असं म्हणून त्यांनी खालच्या मजल्यावरच्या सगुणा आजीलाही बोलावून ठेवलं होतं.

तर टीव्ही. आधी त्यांनी कोरडं फडकं फिरवलं. मग एका कोपऱ्यात बोटांचे डाग दिसले म्हणून ओलं फडकं घेतलं. डाग जाईनात म्हणून भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब टाकले. फेस झाला म्हणून पाणी मारलं. पाणी काचेवरून ओघळत खालच्या फटीत गेलं तेव्हा चंद्रप्रकाशरावांना टीव्ही कसा स्वच्छ वाटला म्हणून सांगू! त्यांनी समाधानानं बटण दाबलं. वरून एक हिरवी रेघ आली, खालून एक गुलाबी रेघ आली, दोघी मधोमध भेटल्या आणि सगळा अंधार झाला.

"मेला!" चंद्रप्रकाशराव ओरडले. टीव्ही की ते स्वतः, हा प्रश्न बायको येईपर्यंत खुलाच होता.

त्यांनी घाम पुसत मुलाला फोन लावला. सुयोग घाटकोपरला ऑफिसात होता.

"बाबा, तुम्ही टीव्हीला हात का लावलात?"

"तुझ्या आईनं सांगितलं!"

"आई? आणि तुम्हाला?" सुयोगनं पुन्हा विचारलं. "बरं, सेट-टॉप बॉक्स चालू आहे ना?"

"आहे. तो मी पुसला नव्हता."

"मग एक होईल. माझ्या खोलीतला जुना कॉम्प्युटर आहे ना, त्यात टीव्हीचं कार्ड आहे. कॉलेजात असताना क्रिकेट बघायला टाकलेलं. बॉक्सची पिवळी वायर त्याच्या मागे खोचा."

चंद्रप्रकाशरावांनी कॉम्प्युटर हॉलमध्ये आणून टेबलावर मांडला, वायर खोचली आणि तो चालू केला. काळ्याकुट्ट पडद्यावर पांढऱ्या अक्षरांची रांग सरसर वर गेली आणि शेवटी एक चौकोन लुकलुकत राहिला.

"वाट लागली. हा पण गेला रे!"

"गेला नाही, तो तसाच असतो! माझ्या कामाचा आहे तो. त्यावर चित्रं नाहीत, माऊस नाही, नुसती काळी पाटी आणि अक्षरं. आता मी सांगतो ते टाइप करा."

एका बोटानं, एकेक अक्षर शोधत, चंद्रप्रकाशरावांनी मुलानं सांगितलेली ओळ उमटवली. कॉम्प्युटरनं इंग्रजीत काहीतरी उर्मट उत्तर दिलं. पुन्हा उमटवली, पुन्हा उत्तर. शेवटी ते कॉम्प्युटरलाच "सॉरी हां," म्हणाले आणि तिसऱ्या खेपेला पडदा एकदम खदखदू लागला. एम, आठ, शून्य, टक्क्याचं चिन्ह, फुल्या, टिंबं, सगळी नुसती पळत होती.

"सुयोग, हे काय आहे?"

"टीव्ही. चित्राची अक्षरं करून दाखवतो तो. जिथं उजेड तिथं एम, जिथं काळोख तिथं मोकळं. जरा लांबून बघा, दिसेल."

"आणि आवाज?"

"आवाजाची पिन वेगळी असते. ती माझ्या बॅगेत आहे. मीटिंग आहे बाबा, ठेवतो."

चंद्रप्रकाशरावांनी मेलेल्या टीव्हीवर चादर टाकली, आणि दारात बाई उभ्या राहिल्या. नवी साडी, सेट केलेले केस. त्यांनी चादरीकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे, मग त्या खदखदणाऱ्या पडद्याकडे.

"आज म्हटलं... आपण सुयोगच्या कॉम्प्युटरवर बघू," चंद्रप्रकाशराव एका दमात म्हणाले. "नवीन पद्धत आहे. परदेशात असंच बघतात."

आता भांडं फुटणार म्हणून त्यांनी डोळे मिटून घेतले. पण बाई शांतपणे म्हणाल्या, "छान की. डब्यातलं गुळाचं खाजं काढते सगळ्यांना," आणि आत निघून गेल्या. हे लक्षण काही बरं नव्हतं. मिक्सरच्या वेळी त्या आठवडाभर बोलल्या नव्हत्या.

एकच्या ठोक्याला हॉल भरला. सामंत पुढच्या खुर्चीत बसले. त्यांच्या बायकोनं, वसुधानं, सवयीप्रमाणे स्टीलच्या बरणीतून सोलकढी आणली होती. येताना गॅलरीतल्या कुंडीपाशी ती थबकली.

"रत्ना, तुझा कढीपत्ता काय फोफावलाय गं! काय घालतेस त्याला?"

"अगं, असंच... उरलंसुरलं," रत्नप्रभाबाई घाईनं म्हणाल्या आणि बरणी आत घेऊन गेल्या.

कार्यक्रम सुरू झाला. सगळे पुढे सरकून, डोळे ताणून बघू लागले.

"ही सुरमई काय?" वसुधानं विचारलं.

"नाही वहिनी, तो कार्यक्रमाचा निवेदक आहे," चंद्रप्रकाशराव म्हणाले.

"माका काय्येक समजत नाय," सामंत म्हणाले. वयाची साठी उलटली तरी सामंतांना चष्मा नव्हता आणि ही गोष्ट ते लग्नाकार्यात आपणहून सांगत. आज ती नजर त्यांच्या मुळावर आली. त्यांना प्रत्येक अक्षर लख्ख दिसत होतं, त्यामुळे चित्र कुठंच दिसत नव्हतं. शेवटी ते मोठ्यानं वाचायलाच लागले. "एम, एम, एम, आठ, शून्य, टक्के, टक्के..."

"अहो, गप्प बसा! बाराखडी ऐकायला आलोय का?" वसुधा खेकसली.

तेवढ्यात मागून सगुणा आजीचा आवाज आला. आजीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. "मना त सगला दिसतंय गो! ती बघ रतन. निली सारी नेसलीय. हातान पापलेट हाय."

"निळी? काळ्या-पांढऱ्यात निळी कुठून दिसली आजी?"

"मना दिसतंय. तुमाना दिसत नाय त मी काय करू?"

वसुधानं सहज चष्मा काढला आणि किंचाळली, "अय्या! खरंच! रत्ना आली! झकास!"

मग काय विचारता! ज्यांना ज्यांना चष्मे होते त्यांनी काढले आणि "आली, आली!" असा गलका झाला. ज्यांना नव्हते त्यांची पंचाईत झाली. त्यांनी काढलेले चष्मे मागून घेतले. कोणाचा चाळिशीचा कोणाच्या नाकावर गेला, कोणी एकावर एक दोन लावले. एकाला तर इतकं छान दिसू लागलं की चष्मा परत द्यायला तो तयार होईना. सामंतांना मात्र कुठलाच चष्मा लागू पडेना. ते मागे सरकत सरकत दारापर्यंत गेले, दारातून गॅलरीत, गॅलरीला वळसा घालून समोर स्वतःच्या दारात, आणि तिथून ओरडले, "दिसली! वहिनी दिसली! एक नंबर! कोणी मध्ये येऊ नका रे!"

त्यांचं बघून निम्मा हॉल समोर गेला. परबांच्या घरी अधू नजरेची माणसं आणि सामंतांच्या दारात चांगल्या नजरेची, अशी विभागणी झाली. रत्नप्रभाबाईंनी पडद्यावर पापलेटात सारण भरलं तेव्हा दोन्हीकडून टाळ्या पडल्या. कौतुकाच्या भरात चंद्रप्रकाशराव टीव्हीचं दुःख विसरून गेले.

आणि नेमके तेव्हाच समोरून सामंत म्हणाले, "परबभाऊ, मी माझ्याच दारात उभा आहे. आत पंचावन्न इंची आहे. लावू काय? आवाज पण येईल."

चंद्रप्रकाशरावांना चादरीखालचा टीव्ही आठवला. झालं, आता सगळे तिकडे जाणार, आपली फजिती होणार, आणि रतनचा मान सामंतांच्या घरी साजरा होणार.

"नाही!" रत्नप्रभाबाई एवढ्या जोरात ओरडल्या की सगुणा आजी दचकली. "इथंच बघायचं! ह्यांनी एवढी खटपट केलीय. सामंतभाऊ, या इकडे, खाजं घ्या."

चंद्रप्रकाशरावांचे डोळे भरून आले. तीस-एक वर्षांच्या संसारात बायकोनं चारचौघांत त्यांची बाजू घेतली नव्हती, ती आज घेतली. त्यांनी डोळे पुसले. ओल्या डोळ्यांनी चित्र आणखीच स्पष्ट दिसू लागलं.

"मग निदान आवाज तरी," सामंत ऐकायला तयार नव्हते. "माझ्या जुन्या टेपला तसली पिन आहे. आणतो."

"आधी खाजं!" बाईंनी गॅलरीतूनच जाऊन त्यांच्या हातात ताटली दिली. मालवणातून आलेलं ते खाजं दगडासारखं टणक झालं होतं. सामंतांची दाढ त्यात रुतली आणि थोडा वेळ त्यांचं बोलणं बंद पडलं. इकडे पडद्यावर निवेदक बाईंना भराभर काहीतरी विचारत होता आणि बाई भराभर उत्तरं देत होत्या. हॉलमधल्या बाई मात्र पदरानं वारा घेत होत्या.

"काय विचारतोय तो?" चंद्रप्रकाशराव.

"काही नाही. मिठाचं प्रमाण."

"थांबा, थांबा!" वसुधा चष्मा छातीशी धरून उठली. "माझं नाव घेतलं हिनं! बघितलं का ओठ? 'वसुधा सामंत' म्हणाली! अय्या, रत्ना, टीव्हीवर माझं नाव घेतलंस!" असं म्हणून तिनं रत्नप्रभाबाईंना कडकडून मिठी मारली. बाईंना जोराचा ठसका लागला.

तेवढ्यात सामंत पिन घेऊन धावत आले आणि त्यांनी ती खोचली. खरखर झाली, आणि निवेदकाचा आवाज घुमला, "...बापरे, रत्नप्रभाताई, तुम्ही तर एकदम बिनधास्त! चला, निरोप घेऊ या!" कार्यक्रम संपला. सगळ्यांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या, आपापले चष्मे शोधले, चुकीचे घातले, बदलले आणि कौतुक करत पांगले.

दार लागल्यावर चंद्रप्रकाशराव टेबलाला धरून उभे राहिले. आता लपवणं त्यांच्या जिवावर आलं.

"रतन, मी टीव्ही मारला. साबण लावला. तू आज माझी लाज राखलीस आणि मी तुला फसवलं."

रत्नप्रभाबाई खुर्चीत बसल्या आणि हसू लागल्या. हसता हसता त्यांच्या सेट केलेल्या केसांची पार वाट लागली.

"अहो, तो निवेदक मेला पटापट विचारत होता. 'खरं सांगा, कुठल्या शेजारणीचा पदार्थ तोंडावर वाखाणता आणि मागून टाकून देता?' माझ्या तोंडून निघून गेलं. वसुधा सामंतची सोलकढी. वर सांगितलं, की आम्ही ती कढीपत्त्याला घालतो."

चंद्रप्रकाशराव गॅलरीतल्या कुंडीकडे बघतच राहिले.

"तेव्हापासून झोप नाही मला. त्यात तुम्ही सगळ्यांना बोलावून बसलात, तिला पहिल्या रांगेत! तीस वर्षं शेजार आहे हो आमचा. माझ्या बाळंतपणात रात्र रात्र जागलीय ती. तिला काय तोंड दाखवलं असतं?"

"म्हणून तू मला..." चंद्रप्रकाशरावांच्या डोक्यात हळूहळू उजेड पडला. "म्हणून तू मला टीव्ही पुसायला सांगितलंस?"

"तुमच्या हाताला यश आहे ना," बाई प्रेमानं म्हणाल्या. "मला वाटलं होतं, नुसता बंद पडेल. तुम्ही तर मुळापासून काम केलंत."

आपण रागवावं की फुगून जावं हे चंद्रप्रकाशरावांना ठरवता येईना. तेवढ्यात घंटी वाजली. दारात वसुधा उभी होती, आनंदानं लालेलाल.

"रत्ना, रविवारी सकाळी पुन्हा दाखवणार आहेत! सगळ्यांना सांगून आले. आमच्याकडे, पंचावन्न इंचीवर, आवाज फुल. तू माझ्याबद्दल काय बोललीस ते मला माझ्या कानांनी ऐकायचंय. येताना काही आणू नको, सोलकढी मी करते!"

ती गेली. मग रत्नप्रभाबाई उठल्या, मोरीत गेल्या, सकाळचं ते फडकं चांगलं भिजवून आणलं आणि नवऱ्याच्या हातात ठेवलं.

"अहो, सामंतांच्या टीव्हीवर केवढी धूळ बसलीय, बघितलीत का?" त्या म्हणाल्या. "शेजारधर्म म्हणून काही आहे की नाही? शनिवारी जाऊन एवढा टीव्ही पुसून द्या."