इबादान मुक्कामी जुळ्या डिस्कांचे राज्यांतर

विज्ञापना ऐसी जे, इबादान शहरी मोकोला पेठेत जे राज्यांतर जाहले, त्याचे वर्तमान लोक तिखटमीठ लावून सांगतात, सबब खरे ते लिहून ठेवितो. सेवक याच पेठेत राहतो, रण जातीने पाहिले आहे, आणि पदरचे काही घातले असेल तर ते थोडेच.

अल्हाजा मोपेलोला, लग्नचित्रणाच्या कुलमुखत्यार, समस्त वऱ्हाडांस कॅमेऱ्यासमोर सरळ उभे करणाऱ्या, यांचे दुकानी एक संगणक होता, आणि त्याचे पोटी दोन डिस्का होत्या. एकीवर लिहिले ते दुसरीवर आपसूक उमटावे, एक पडली तर दुसरीने दौलत राखावी, ऐसी त्यांची जोडणी. म्हणोन बाईंनी त्यांस जुळ्या लेकरांची नावे ठेविली, पहिलीस तैवो, दुसरीस केहिंदे, आणि तशा चिठ्ठ्या डकविल्या. मग पावसाळ्यात जनरेटर बिघडला, तैवो घायाळ होऊन जोडीतून बाहेर पडली, आणि पुढील कुल दौलत एकटी केहिंदे सांभाळू लागली. त्या दौलतीत बाईंच्या मातोश्रींचा नाच होता. नातीच्या लग्नात म्हातारी काठी फेकून नाचली, आणि पुढे हरमतान वाऱ्याची धूळ उठली त्या दिवसांत पैगंबरवासी जाहली. आता शुक्रवारी चाळिसाव्याची दुवा, आणि कुल गोत तो नाच पाहावयास येणार. दुसरी नक्कल नाही.

नेमक्या त्याच समयी जुनी संगणकप्रणाली बेमुर्वत जाहली, भर कामात झोपा काढू लागली, सबब तीस तख्तावरून उतरवून नवी बसवावी, ऐसी मसलत ठरली, आणि दूरच्या कानो शहरचे हसन नामे कारागीर मोहिमेवर नेमले गेले. हे हसन स्वतः जुळे. कानोत पहिला उपजे तो हसन, मागाहून येई तो हुसैनी, आणि पहिला तोच थोरला. त्या हक्काने हसन यांनी उभ्या जन्मात थाळीतला मोठा मांसाचा तुकडा हुसैनीस लागू दिला नाही.

हसन यांनी प्रथम दोन्ही डिस्का सोडवून सुरक्षित ठेविल्या, आणि तिसऱ्या लहान डिस्केवर नव्या प्रणालीस राज्याभिषेक केला. मग स्वतःस बजाविले जे, जोडणी नव्याने बांधू नये, बांधली की कुल कोरे. तिची कुळी डिस्कांच्या कपाळीच लिहिलेली असते, ती नव्या राज्याने वाचावी इतकेच. मग घायाळ कोणती हे न पुसताच दोघींच्याही तारा बदलिल्या, तैवोही शुद्धीवर आली, आणि दोघी दरबारी हजर होताच नव्या प्रणालीने सवाल टाकिला जे, दोघींत मेळ नाही, खरी कोणती मानू, आणि तिची नक्कल कोणतीवर चढवू?

बाई दर्शनी दालनात एका नवरीशी घासाघीस करीत होत्या. हसन यांनी आतूनच हाक दिली, "अल्हाजा, दोघींतली खरी कोणती?"

"थोरली! सगळं थोरलीकडंच आहे. धाकटी पावसाळ्यापासून आडवी, तिला काय ठाऊक!"

मग हसन यांनी बेधडक तैवोस खरी मानिले. परंतु गडी सावध, सबब नक्कल चढविण्याआधी तिचा खजिना उघडून पाहिला. जुनी लग्ने जागच्या जागी, आणि पावसाळ्यानंतर शुकशुकाट. हसन बाहेर येऊन उभे राहिले.

"अल्हाजा... तुमच्या आईचा नाच नाही सापडत."

बाई मटकन खाली बसल्या. इतकी बिरुदे असोन एकही कामास न आले. सेवकाचाही जीव कळवळला, खोटे का सांगावे.

मग बाईंनी हळूच विचारले, "पाहिलंस कशात?"

"थोरलीत. तैवोत."

"अरे गाढवा! तैवो थोरली? कुणी सांगितलं तुला?"

"पहिली तीच ना उपजली!"

"उपजली म्हणून काय झालं? केहिंदेनं धाडलं तिला पुढं, जा, जग कसं आहे बघून ये म्हणून! थोरली माणसं कधी स्वतः दार उघडायला उठतात का रे? धाकट्यालाच पिटाळतात!"

मग हसन धावले, केहिंदेस खरी मानिले, खजिना उघडला, आणि पडद्यावर म्हातारीने काठी फेकिली. बाई हसल्या, आणि रडल्याही. एक बटण दाबिले असते तर पावसाळ्यानंतरची कुल दौलत पुसली जाती, हे उमगून हसन यांनी दोन्ही चिठ्ठ्या दोनदा वाचून मगच बटण दाबिले. मग केहिंदेची नक्कल तैवोवर चढू लागली, आणि बाईंनी जुळ्यांच्या रिवाजाने शिजल्या चवळीची थाळी संगणकापुढे ठेविली. ती हसन यांनी खाल्ली.

खाता खाता त्यांनी भावास फोन करून हकीकत सांगितली, हीच घोडचूक. बाईंनी फोन हिसकावून घेतला.

"हुसैनी, इबादानला ये बाबा. इथं थोरला तू."

पलीकडून हुसैनी म्हणाला, "अल्हाजा, पुढची बस किती वाजता असते?"

येणेप्रमाणे फत्ते जाहली. दोन्ही डिस्का सलामत, म्हातारीचा नाच सलामत. हसन यांचे थोरलेपण मात्र या रणी धारातीर्थी पडले.