तीन नंबर पसंत

"त्या पोरीवर वरून पाणी कायले टाकून राहिले?" यादोरावांनी विचारलं.

दीपमालानं सांगितलं, ती कल्पना आहे. मोबाइलवर कुठल्याशा देशातली एक मुलगी नळाच्या पावसात लांब झगा घालून चालत होती आणि दोन्ही बाजूंना कोरडे ठणठणीत लोक बसून टाळ्या वाजवत होते. त्याआधीच्या व्हिडिओत एकानं मासळीबाजारात कपडे दाखवले होते, आणखी एकानं झाडांना टांगून. नुसतं शिवून भागत नाही बाबा, ते दाखवता कसं यावर सगळं असतं, असं दीपमालाचं म्हणणं. यादोरावांनी जन्मभर धान पिकवलं होतं आणि ते दाखवायला त्यांना कधी मासळीबाजार लागला नव्हता. पण ते गप्प बसले. वर्षभर गप्प बसायचं त्यांनी कबूल केलं होतं.

दीपमाला नागपूरहून फॅशन डिझाइनचा कोर्स करून लाखांदूरला परतली, तेव्हापासून घरात हा वाद होता. तिनं बी.एड. करून मास्तरीण व्हावं असं यादोरावांच्या मनात. शेवटी दीपमालाच्या आईनं, धुरपताबाईंनी, बापलेकीत तह घडवून आणला: एक वर्ष पोरीचं, पुढचं बापाचं. ते वर्ष संपायला आता तीन आठवडे उरले होते आणि पोरीची सगळी भिस्त नागपूरच्या एका कपड्याच्या दुकानाच्या मालकीणबाईंवर होती. या वच्छला मॅडमना तिच्या कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या कपड्यांचे फोटो आवडले होते. पण फोटोत काय, सगळंच चांगलं दिसतं, असं म्हणून त्यांनी अट घातली होती. गावात माणसं जमव, त्यांच्यापुढे कपडे दाखव, मी येऊन बसते. लोकांनी चिठ्ठ्या टाकून एखादा कपडा पसंत केला, तर त्याची ऑर्डर देते. नाही केला तर बी.एड. होतंच.

तेव्हा कुठे आणि कसं दाखवायचं यावर खल सुरू झाला. दीपमालाला मुली धानाच्या शेतातल्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, चालवायच्या होत्या. यादोराव म्हणाले, धुऱ्यावर साप निघते. मग तिनं राइस मिल पाहिली, तर तिथं उभ्या उभ्या तिच्याच डोक्यावर कोंडा साचला. मग मुली एसटीतून एकेक उतरतील असं ठरलं. कंडक्टरनं सगळं ऐकून घेतलं आणि हात जोडले. अखेर चर्चेची गाडी वस्तीतल्या समाजभवनापाशी येऊन थांबली. तिथं स्टेज होतं, माइक होता, तीनशे खुर्च्या होत्या. दर हिवाळ्यात उपवर-वधू परिचय मेळावा तिथंच भरायचा. मुलगी स्टेजवर येते, चार पावलं चालते, नाव-शिक्षण सांगते, लोक तिचा क्रमांक टिपतात आणि पसंत पडलेल्या क्रमांकाची चिठ्ठी डब्यात टाकतात, असा तो मेळावा.

कामं वाटली गेली. खुर्च्या भरायचं काम यादोरावांकडे आलं. आता माणूस धुऱ्यावरून चार लोकांशी भांडेल, पण "माही पोरगी पोरींना कपडे घालून स्टेजवर चालवून राहिली" हे वाक्य काही यादोरावांच्या तोंडून निघेना. लाजच वाटायची त्यांना, खोटं कशाला सांगा. म्हणून ते बोलवायचे, पण कशाला ते सांगायचे नाहीत. चहाच्या टपरीवर बाबुलालशी त्यांचं जे बोलणं झालं, तसंच थोड्याफार फरकानं सगळ्यांशी झालं.

"रविवारी समाजभवनात येजो. कार्यक्रम हाय."

"कायचा?"

"पोरी येतीन स्टेजवर."

"किती हायेत?"

"सहा."

"शिकलेल्या?"

"सगळ्या शिकलेल्या."

बाबुलालनं कप खाली ठेवला. "मंग पोराले घेऊनच येतो ना."

यादोरावांना वाटलं, आण बापा, तेवढीच एक खुर्ची भरते.

दिवस मंडईचे, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रांचे होते. धान घरात आलं होतं, आणि झाडीपट्टीत धान घरात आलं की माणसाला मुलाचं लग्न आठवतं. समाजभवनात सहा शिकलेल्या पोरी येणार ही बातमी दोन दिवसांत पवनीला पोचली, तिसऱ्या दिवशी अर्जुनीला. भंडारा जिल्हा तुटला तेव्हा अर्जुनी गोंदियात गेली, पण सोयरिकी थोड्याच तुटल्या होत्या.

रविवारी अकरा वाजताच तीनशे खुर्च्या भरल्या. दीपमालानं पडद्याच्या फटीतून पाहिलं तर पहिल्या चार रांगांत इस्त्रीचे शर्ट घातलेले, भांग पाडलेले तरुण बसलेले, आणि प्रत्येकाच्या दोन्ही बाजूंना त्याचे आईबाप. हातमागाच्या कोशाबद्दल झाडीतल्या पोरांना एवढं वाटतं हे तिला माहीत नव्हतं. वच्छला मॅडमही खूश होत्या. नागपुरात कपडे बघायला पुरुष फक्त बायकोच्या पिशव्या धरायला येतात, असं त्या म्हणाल्या.

सहाही मुली नात्यातल्या नाहीतर शेजारच्या. दीपमालानं त्यांना आठवडाभर शिकवलं होतं. हसायचं नाही. बोलायचं नाही. लोकांकडे बघायचं नाही, त्यांच्या डोक्यावरून लांब कुठंतरी बघायचं. आणि अंगावर एकही दागिना नको, नजर कपड्यावरच राहिली पाहिजे. प्रत्येकीच्या हातात क्रमांकाची पाटी दिली होती.

माइक मात्र जागेश्वर गुरुजींकडे होता, कारण समाजभवनाचा माइक त्यांच्याकडेच असायचा. बावीस परिचय मेळावे त्यांनी पार पाडले होते. दीपमालानं त्यांना प्रत्येक कपड्याची माहिती लिहून कागद दिला होता. गुरुजींनी समोरच्या रांगा पाहिल्या, डबा पाहिला, पाट्या पाहिल्या आणि कागद घडी करून खिशात ठेवला. त्यांना असल्या कामात कागद लागत नसे.

"क्रमांक एक," गुरुजी म्हणाले, आणि रीना आली. रीना ही दीपमालाची मामेबहीण, एरवी बोलायला लागली तर बस सुटेल पण तिचं वाक्य सुटायचं नाही. ती आली, टोकाला उभी राहिली आणि भिंतीवरच्या पंख्याकडे बघू लागली.

"नाव सांग बेटा."

रीना पंख्याकडे.

"शिक्षण?"

रीना वळली, सगळ्यांना पाठ दाखवली आणि निघून गेली.

सभागृहात कुजबुज झाली. पोरगी रुसलेली दिसते, असं एक जण म्हणाला. घरच्यांनी जबरीनं आणली असेल, असं त्याची बायको म्हणाली. कुणीतरी मुकी असल्याची शंका काढली, तेव्हा मात्र तिसऱ्या रांगेतून रीनाची आई उठली. आपली पोरगी बी.कॉम. असून चांगली बोलते, तुम्हाला रात्रभर ऐकायचं असेल तर घरी या, असं तिनं ठणकावून सांगितलं. गुरुजींनी "बी.कॉम." एवढं माइकवरून जाहीर केलं आणि शंभर हातांनी ते टिपून घेतलं.

दीपमाला पडद्याआडून गुरुजींना हातवारे करत होती. गुरुजींना वाटलं, आवाज वाढवा म्हणते. त्यांनी वाढवला. ती धावत बाहेर येणार, तेवढ्यात वच्छला मॅडमनी तिला खुणेनं जवळ बोलावलं आणि प्रश्न विचारायची कल्पना नवीन आहे, आपण कुठं पाहिली नाही, असं कौतुक केलं. आता थांबवावं तर ऑर्डर जाते, न थांबवावं तर काय काय जातं याचा अंदाज नाही. दीपमाला पुन्हा पडद्याआड गेली.

क्रमांक दोनच्या वेळी उत्तरं तिच्या मामानं दिली, उंचीसकट. मग क्रमांक तीन आली. ती रिता. सहा महिन्यांपूर्वी करडीहून या वस्तीत सून होऊन आलेली. नवरा गोलू साउंडच्या डब्याजवळ मोबाइल बघत बसलेला, सासू रुखमिणीबाई दुसऱ्या रांगेत. पण गुरुजींना लांबचं नीट दिसत नसे आणि गळ्यातलं मंगळसूत्र दीपमालानं काढायला लावलं होतं. रिताच्या अंगावर कोशाची, मधासारख्या रंगाची शिवलेली साडी होती. सगळ्या माना वर झाल्या.

"अपेक्षा काय हाय तुही, बेटा?" गुरुजींनी विचारलं आणि माइक तिच्या तोंडापुढे धरला.

आता सहा महिन्यांत सासरी हा प्रश्न रिताला कुणी विचारला नव्हता. ती सगळी शिकवण विसरली.

"जेवताना नवऱ्यानं मोबाइल बाजूले ठेवावं," ती म्हणाली. "बाकी काही नाही."

यावर बाया टाळ्या वाजवू लागल्या आणि गोलूनं दचकून भलतंच बटण दाबलं. सभागृहात दोन मिनिटं नुसती शिट्टी वाजत राहिली. तेवढ्या वेळात बाबुलाल उठून रुखमिणीबाईंजवळ गेला. पोरीच्या बोलण्यावर बाईंची मान हलली होती, त्यावरून ही हिचीच कुणीतरी, हे त्यानं ओळखलं होतं.

"तीन नंबर तुमच्या घरची होय?"

"हो, आमच्याच घरची."

"पसंत हाय आमाले. पोरगा आयटीआय झाला. तारीख कधीची धरता?"

रुखमिणीबाईंना आधी समजलं नाही. समजलं तेव्हा त्या उभ्या राहिल्या.

"सून होय ते माही! नवरा तो बसला तिकडं, जित्ता जागता!"

नेमकी तेव्हाच शिट्टी थांबली होती, त्यामुळे हे सगळ्यांना ऐकू गेलं. मग काय विचारता. लग्न झालेली सून मेळाव्यात उभी केली म्हणून बाबुलाल चिडला, तो मेळावा म्हणतो म्हणून रुखमिणीबाई चिडल्या, आणि पवनीच्या लोकांनी गाडीभाड्याचा विषय काढला. गोलू वायरीत पाय अडकवून घेत बायकोकडे धावला. वच्छला मॅडमनी शेजारणीला विचारलं, हे काय चाललंय? शेजारीण म्हणाली, पोरी पाहाचा कार्यक्रम, दुसरं काय. मॅडमनी पर्स खांद्याला लावली आणि त्या उठल्या.

पडद्याला धरून दीपमाला रडत होती. यादोरावांनी ते पाहिलं. सगळ्या गोंधळात त्यांना एकट्यालाच नीट ठाऊक होतं की हे कुणी केलं. पोरीनं वर्षभर डोळे फोडले आणि आपण चार माणसांपुढे तिच्या कामाचं नाव घ्यायला लाजलो, हे त्यांच्या काळजाला लागलं. ते स्टेजवर चढले आणि गुरुजींच्या हातातून माइक घेतला.

"बसा," ते म्हणाले. "चूक माही हाय. मी तुमाले पुरं सांगतलं नाही. हा मेळावा नोहोय. हा फॅशन शो होय. माह्या पोरीनं हे सहा कपडे शिवले, ते दाखवाले बलावलं तुमाले. मले सांगाले लाज वाटे. आता नाही वाटत."

मागून एका म्हाताऱ्यानं विचारलं, "मंग पोरी नाही पाहाच्या तं पाहाचं काय?"

"कपडे पाहा," यादोराव म्हणाले. "दीपमाला, पोरी पुन्हा आण. आन सांगजो पोरींना, हसा म्हणा."

जायला कुणी तयार नव्हतंच. जेवणाआधी कार्यक्रम सोडून जायची झाडीत पद्धत नाही. वच्छला मॅडमही उभ्याच थांबल्या. मुली पुन्हा आल्या, या वेळी हसत. यादोरावांना कपड्यातलं कळत नव्हतं, पण गेलं वर्षभर रोज जेवताना पोरीचं ऐकावं लागलं होतं. हा कोसा मोहाडीकडच्या मागावरचा. हे घरी धुता येते. याले अस्तर हाय. जसं बैल विकताना सांगावं तसं ते एकेक सांगत गेले, आणि बाया पुढं सरकून पदर चाचपू लागल्या.

तिसरी रिता आली. ती स्टेजवर न थांबता पायऱ्या उतरली, थेट गोलूपाशी गेली, त्याच्या हातातला मोबाइल काढून घेतला आणि साडीच्या कमरेशी हात नेला. मोबाइल दिसेनासा झाला.

"याले खिसा हाय," यादोरावांनी माइकवरून सांगितलं.

"साडीले खिसा?" रुखमिणीबाईंनी विचारलं. त्यांनी स्वतः हात घालून पाहिला आणि तो मनगटापर्यंत आत गेला. मग पवनीच्या बायांनी पाहिला, मग अर्जुनीच्या. चौथ्या क्रमांकाच्या मुलीला यायला वाट उरली नाही.

जेवणं झाल्यावर मॅडमनी डबा मागवला. कार्यक्रम कसाही झाला असला तरी आपण चिठ्ठ्यांवर जाणार, हे त्यांनी आधीच सांगितलेलं. दीपमालाचं सगळं वर्ष त्या डब्यात होतं. मॅडमनी पहिली चिठ्ठी उघडली. "क्र. १ पसंत. मुलगा ग्रामपंचायतीत." दुसरी उघडली. "क्र. ५ पसंत. दोन एकर ओलीत शेती." तिसरी, चौथी, दहावी, सगळ्या तशाच. कपड्याचं नाव कुठं नाही. दीपमालानं मान खाली घातली. यादोरावांनी तिच्या पाठीवर हात ठेवला.

अकरावी चिठ्ठी बाईच्या अक्षरातली होती. मॅडमनी ती मोठ्यानं वाचली.

"तीन नंबरचं लग्न झालेलं हाय हे समजलं. बाकी पाचातली कोणतीही चालन. पण साक्षगंधाले साडी तीन नंबरचीच पाहिजे, खिशासकट. एक पोरीले, एक मले, एक माह्या बहिणीले."

पुढची चिठ्ठीही तसलीच निघाली, तिच्यापुढचीही. पोरी वेगवेगळ्या होत्या, गावं वेगवेगळी होती, साडी एकच होती. एकीनं तर पोरीचा क्रमांक घालायचाच सोडला होता. मॅडम चिठ्ठ्या वेगळ्या काढत गेल्या आणि त्यांच्या मांडीवर ढीग साचला. मग त्यांनी चष्मा काढला आणि यादोरावांना विचारलं, कारण सभागृहात बोलले होते ते यादोरावच.

"शंभर लागतील. किती दिवसांत द्याल?"

यादोरावांनी जन्मभर घरातले सगळे व्यवहार स्वतःच केले होते. सवयीनं त्यांचं तोंड उघडलं, आणि मग त्यांनी ते मिटलं.

"मले काय विचारता," ते म्हणाले. "मालकीण ते हाय."